पहिला तास गाठायचा तर

शिरवळहून पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यापर्यंतचं अंतर साधारण ५० किलोमीटर. नीरा ओलांडली की सारोळा, मग कापूरहोळ, चेलाडी फाटा, खेड शिवापूरचा टोलनाका, शिंदेवाडी, कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल, आणि तिथून पुढे शहर. जाऊन-येऊन रोजचे १००. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी वर्षाला २०० दिवस धरले तर होतात ६०,००० किलोमीटर. हा आकडा प्रवेश घेतानाच कागदावर मांडून बघावा. गाडी कोणती वापरायची, टायर कधी बदलायचे, कोणता विषय गाडीत ऐकून करायचा, कोणत्या पंधरवड्यात पुण्यात राहायला जायचं, हे सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

हा रस्ता रोज करणारे हौसेनं करत नाहीत. घरी थकलेले आईवडील असतात, शाळेत जाणारं मूल असतं, शेती असते, दुकान असतं. वय तिशी-चाळिशीचं असतं आणि वकील व्हायचं मात्र मनातून गेलेलं नसतं. अशा माणसाला ‘पुण्यात खोली घे की’ असं सांगणं सोपं आहे, आणि निव्वळ पैशांचा हिशेब केला तर ते खरंही आहे. लिटरला १७ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी रोज सुमारे ६ लिटर पिते. महिन्याचे २० दिवस धरले तर ११८ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर १२,४०० रुपये नुसत्या इंधनाचे. टायर, ऑइल, ब्रेक यांची झीज किलोमीटरला दीड ते दोन रुपये धरा, म्हणजे आणखी तीन-चार हजार. वर टोल आणि पार्किंग. कॉट बेसिसवरची जागा (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं) आणि मेसचा डबा बहुतेकदा याच्या आतच बसतो. तरीही जो घरूनच ये-जा करणार आहे, त्यानं पैशांपेक्षा एका वेगळ्या हिशेबाला जास्त जपलं पाहिजे. तो हिशेब हजेरीचा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम १२ नीट वाचावा. सत्र परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयाच्या किमान ७० टक्के तासांना हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य सूट देऊ शकतात, पण तेव्हाही त्या विषयात ६५ टक्के आणि सगळे विषय मिळून ७० टक्के हजेरी असावी लागते. यातला ‘प्रत्येक विषयाच्या’ हा भाग लांबून येणाऱ्याला नडतो. लांबच्या प्रवासाचं नुकसान सगळ्या विषयांत सारखं वाटलं जात नाही. घाटाखाली कंटेनर बंद पडला, पाऊस आला, टायर बसला, की जातो तो पहिला तास. तो तास वेळापत्रकाप्रमाणे ठरावीक विषयाचाच असतो. एकूण हजेरी ८५ टक्के दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि सत्राच्या शेवटी कळतं की सकाळी पहिल्या तासाला असणारा कराराचा कायदा ६३ टक्क्यांवर अडकलाय.

म्हणून हजेरीची नोंद दिवसांची ठेवू नये, विषयांची ठेवावी. वहीच्या शेवटच्या पानावर विषयागणिक एक रकाना, त्यात झालेले तास आणि बसलेले तास. एखाद्या विषयाचे सत्रात ६० तास होणार असतील तर ४२ ला बसणं भाग आहे. हातात १८ उरतात. या १८ पैकी पहिल्या दोन महिन्यांत ६ पेक्षा जास्त खर्च होऊ देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. आजारपण, घरातलं लग्नकार्य, गाडीचं मोठं काम हे सगळं पुढे यायचंच असतं. वेळापत्रक लागलं की पहिल्या आठवड्यातच पाहावं, रोजचा पहिला तास कोणत्या विषयाचा आहे. एकच विषय आठवड्यात तीनदा पहिल्या तासाला असेल तर त्या तीन दिवशी निघायची वेळ २० मिनिटं अलीकडे घ्यावी. उरलेल्या दिवशी थोडी सैल चालते.

निघण्याच्या वेळेबद्दल एक गोष्ट या रस्त्यावर कायम खरी ठरते. शिरवळ ते खेड शिवापूर या टप्प्यात पंधरा मिनिटांचा उशीर पंधरा मिनिटांचाच राहतो. नवले पुलापासून पुढे त्याची दुपटीनं वसुली होते. सकाळी सातच्या आत नवले पूल ओलांडणारी गाडी आणि आठनंतर तिथे पोचणारी गाडी, या दोघींना भेटणारं शहर वेगळं असतं. त्यामुळे लक्ष्य कॉलेजच्या फाटकाचं ठेवू नये, नवले पुलाचं ठेवावं. आठच्या तासासाठी पावणेसातला नवले पूल. त्यासाठी सहाच्या आधी पाच-दहा मिनिटं घर सोडायचं. लवकर पोचल्यावर मिळणारा अर्धा तास कॉलेजच्या वाचनालयात किंवा गाडीतच वाचनात जातो, आणि तो दिवसातला सगळ्यात शांत अर्धा तास असतो.

हे जमायचं तर तयारी रात्रीच व्हावी लागते. बॅग भरलेली, डबा कोरड्या भाजीपर्यंत तयार, कपडे काढून ठेवलेले, गाडीचं तोंड रस्त्याकडे. सीएनजी भरायचा तर येतानाच, कारण पहाटे पंपावर रांग असते आणि दाब कमी मिळाला तर टाकी पुरती भरत नाही. सीएनजी गाडीतही पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये. जड पुस्तकं आणि बेअर अ‍ॅक्टचे (कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकांचे) गठ्ठे शेजारच्या सीटवर न ठेवता डिकीत किंवा सीटखाली ठेवावेत. जोरात ब्रेक लागला की सीटवरचं सगळं पायांशी येतं, आणि ब्रेकखाली अडकलेली पाण्याची बाटली हा फार वाईट अपघात असतो. मूट कोर्ट (सरावासाठीचं नकली न्यायालय) किंवा न्यायालय भेटीच्या दिवसांसाठी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळा कोट मागच्या हुकाला हँगरवर कायम असावा.

आता नवले पुलाचा उतार. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता जांभूळवाडीकडून सलग खाली येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे ट्रक, तापून सुटलेले ब्रेक आणि खाली साचलेली वाहनं, असं हे दुष्टचक्र आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथेच एका अवजड वाहनानं अनेक वाहनांना धडक दिली होती. इथून रोज जाणाऱ्यानं काही सवयी अंगी बाणवाव्यात. बोगद्यात शिरण्याआधी हेडलाइट लावावे, काळा चष्मा काढावा, आत लेन बदलू नये. बाहेर आल्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घ्यावी, म्हणजे इंजिनच गाडीला धरतं आणि ब्रेक थंड राहतात. अवजड वाहनाच्या पुढे लेनमध्ये राहू नये. त्याला जाऊ द्यावं किंवा लेन सोडावी. खाली रांग लागलेली दिसली तर पुढच्या गाडीपासून दीड-दोन गाड्यांचं अंतर सोडून थांबावं, गिअर टाकलेला ठेवावा आणि मागे एखादी गाडी येऊन थांबेपर्यंत नजर आरशावर ठेवावी. पुढे सोडलेली जागा हीच निसटायची वाट असते. या चार-पाच किलोमीटरांत गाडीत आवाज नको, फोन नको, व्याख्यान नको.

पुलानंतरचे दोन पर्याय बहुतेकांना माहीत असतात: वडगावला उतरून सिंहगड रस्ता, राजाराम पूल, म्हात्रे पूल, नळ स्टॉप, किंवा वारज्याला उतरून कर्वेनगरमार्गे कर्वे रस्ता. तिसरा पर्याय फार थोडे वापरतात. तसंच बायपासनं चांदणी चौकापर्यंत जावं, पौड रस्त्यानं वनाजला उतरावं, गाडी तिथे लावावी आणि मेट्रोनं नळ स्टॉप गाठावं. वनाजपासून नळ स्टॉप तिसरं स्थानक. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. नळ स्टॉपवरून १९२४ पासूनचं आयएलएस विधी महाविद्यालय पंधरा-वीस मिनिटं चालत. किलोमीटर थोडे वाढतात, पण कर्वे रस्त्याची अनिश्चितता जाते, पार्किंगची शोधाशोध वाचते, आणि दिवसाकाठी चालणं होतं. गाडी लावायची खात्रीची जागा मात्र आधी एखाद्या रविवारी जाऊन बघून ठेवावी. शहरातच गाडी न्यायची असेल तर सम-विषम तारखांच्या पी-१, पी-२ पाट्या रोज वाचाव्यात. तारीख बदलते आणि काल बरोबर लावलेली गाडी आज उचलली जाते.

टोलचा हिशेब एकदाच करून ठेवावा. शिरवळ ते पुणे या टप्प्यात नाका एकच. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झाला. तो २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल तोवर चालतो. इथे जाणं एक आणि येणं एक अशा दोन फेऱ्या मोजल्या जातात, म्हणजे कॉलेजच्या १०० दिवसांत पास संपतो आणि वर्षाला दोन लागतात. त्या दरानं एका वेळचा खर्च पडतो १५ रुपये. ज्यांचं घर नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे नसरापूर किंवा कापूरहोळच्या बाजूला राहणारे, त्यांनी रहिवासाचा पुरावा देऊन स्थानिकांचा मासिक पास घ्यावा आणि दोन्हींची तुलना करावी.

रोजचे जवळजवळ तीन तास गाडीत जातात म्हटल्यावर ‘तेवढ्यात अभ्यास होईल’ असं प्रत्येकाला वाटतं. होतो, पण सगळ्या रस्त्यावर नाही आणि सगळ्या विषयांचा नाही. शिरवळ ते खेड शिवापूर हा सकाळचा अर्धा तास ऐकण्याचा. बोगद्यापासून पुढे बंद. परतीच्या वाटेवर डोकं भरलेलं असतं, तिथे नवीन काही घालू नये.

ऐकायला दुसऱ्यांची व्याख्यानं लावण्यापेक्षा स्वतःच्या आवाजातल्या ८ ते १० मिनिटांच्या नोंदी कितीतरी जास्त कामाला येतात. करायची रीत अशी. आदल्या दिवशीच्या तासावरचे दहा प्रश्न लिहायचे. फोनवर प्रश्न वाचायचा, मग १५ सेकंद गप्प राहायचं, मग उत्तर वाचायचं. सकाळी गाडी चालवताना त्या १५ सेकंदांत आपण मोठ्यानं उत्तर देतो. नुसतं ऐकलेलं टोलनाक्यापर्यंत विसरतं. मोठ्यानं बोललेलं टिकतं. खटल्यांसाठी प्रत्येकी दोन मिनिटं: तथ्यं, मुद्दा, निकाल, त्यामागचं कारण. केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, संविधानाची मूलभूत चौकट. एवढं दोन मिनिटांत बसतं. मूळ निकालपत्र कानानं ऐकण्यात अर्थ नाही, ते टेबलावर पेन्सिल घेऊन वाचायचं असतं.

कानाला मानवणारे विषय वेगळे. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २ च्या व्याख्या, कलम ७३ खालची उदाहरणं, अपकृत्याचा कायदा, न्यायशास्त्र, घटनेतले मूलभूत हक्क हे ऐकून पक्के होतात. वारसा कायद्यातले हिस्से, मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले भावी हितसंबंध, मसुदालेखन यांना कागद हवा; ते गाडीत आणलं की रस्त्यावरचं लक्ष जातं आणि विषयही कळत नाही. फौजदारी कायद्यांसाठी तर स्वतःच्या नोंदीच हव्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण इंटरनेटवरची बरीच व्याख्यानं अजून जुन्या क्रमांकांवर आहेत. नोंद करताना दोन्ही क्रमांक बोलावेत, जुना भारतीय दंड संहितेचा आणि नवा न्याय संहितेचा: खुनाची व्याख्या जुनं ३००, नवं १०१, शिक्षा जुनं ३०२, नवं १०३, फसवणुकीचं जुनं ४२०, नवं ३१८ चं पोटकलम ४. जुने निकाल वाचताना जुना क्रमांक लागतोच, तेव्हा तो टाकून देऊन चालत नाही.

सगळ्या नोंदींची यादी घरूनच लावून निघावं. चालत्या गाडीत फोन हातात घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, आणि कायदा शिकायला निघालेल्या माणसाकडून तर ते घडूच नये. हँड्सफ्रीवरचं बोलणंही लक्ष खातं. घरच्यांना सांगून ठेवावं की या वेळात फोन उचलला जाणार नाही, टोलनाका ओलांडल्यावर पुढे कुठे थांबलो तर उलटा फोन येईल.

सगळ्यात मोठा धोका सकाळचा वाटतो, पण तो असतो दुपारचा. पाचला उठलेलं शरीर, पाच तास वर्ग, पोटभर जेवण आणि दोन ते चारमधली परतीची वाट. माणसाची झोप दिवसात ज्या वेळी जोर करते त्यातली ही एक, दुसरी पहाटेची. मागच्या दोन किलोमीटरांत काय दिसलं ते आठवत नाही, गाडी लेनच्या पट्टीवर जाते, एकामागून एक जांभया येतात, यातलं एकही लक्षण दिसलं तर ते शरीरानं दिलेलं शेवटचं बोलावणं समजावं. काच उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं यानं झोप जात नाही, फक्त जागं असल्याचा भास होतो. खरा उपाय असा: निघण्याआधी कॉलेजच्या आवारातच कडक चहा किंवा कॉफी घ्यावी, लगेच सीट मागे करून २० मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून डुलकी आणि कॉफी एकत्र कामाला येतात. डब्यातली अर्धी पोळीभाजी निघण्याआधी आणि अर्धी घरी पोचल्यावर खावी. रात्री दहाच्या आत झोप हवीच. सलग आठवडाभर पाच तासांवर झोप आली की डुलक्यांनीही भागत नाही. तेव्हा एक दिवस एसटीनं जावं. स्वारगेटला उतरून मेट्रोनं नळ स्टॉप गाठता येतं, मध्ये जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदलायची. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. आठवड्यातला एक ठरलेला एसटीचा दिवस ठेवला तर वाचायचं राहिलेलं निकालपत्र त्यात हमखास होतं.

कमरेची काळजी आधीपासून घ्यावी लागते, दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतो. सीट इतकी पुढे हवी की क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवावं. रोज तीन तास एका बाजूला उचललेली बैठक महिन्याभरात पायापर्यंत कळ नेते. महिलांसाठी स्वच्छतागृह हा या मार्गावरचा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी पाणी न पिता निघणं हा उपाय नाही. नीट ठेवलेले दोन-तीन पेट्रोल पंप हेरून तिथेच नियमानं पेट्रोल भरावं.

गाडीचं वेळापत्रक सत्राच्या वेळापत्रकाला जोडावं. वर्षाला २०,००० किलोमीटर म्हणजे १०,००० ची सर्व्हिसिंग दर सहा महिन्यांनी, शक्यतो मे आणि दिवाळीच्या सुट्टीत. टायर साधारण ४०,००० ला बदलावे लागतात, म्हणजे दुसरं वर्ष संपताना. कायद्यानं खाचेची खोली १.६ मिलिमीटर पुरते, पण पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी पुरेसं बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू शकते. त्यामुळे बदलायचे तर मेमध्ये, ऑगस्टमध्ये नाही. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना, स्टेपनीसकट. वायपरची रबरं पावसाळ्याआधी. सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाब सोसण्याची तपासणी) दर तीन वर्षांनी असते. ती आपल्या अभ्यासक्रमात कुठेतरी येणारच, तर तारीख पाहून सुट्टीत उरकावी. दुचाकीवर हे अंतर रोज करू नये असंच सांगेन. पहाटेच्या अंधारात, अवजड वाहनांच्या झोतात, पावसात ते निभत नाही.

या रस्त्याचं स्वतःचं पंचांग आहे. सोमवारी सकाळी गावाकडून परतणारं अर्धं पुणे आपल्याबरोबर असतं, तेव्हा २० मिनिटं आधी निघावं. शुक्रवारी संध्याकाळी चारच्या आत शहर सोडावं, नाहीतर वाचनालयात आठपर्यंत बसावं. मधल्या वेळेत निघणं सगळ्यात महाग. गुरुवारी आणि पौर्णिमेला कापूरहोळच्या चौकात नारायणपूरला जाणाऱ्यांची गर्दी होते. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा शहरातले रस्ते बंद होतात, त्या दिवसांत मेट्रोचा पर्याय किंवा मित्राकडे मुक्काम. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या, बहुतेकांना मागे दिवा नाही. पहाटे डावीकडची लेन रिकामी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. डिसेंबर-जानेवारीत नीरेच्या आसपास धुकं धरतं. लो बीम लावावा, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत. अडचण आली तर महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८.

बरोबर दोघं-तिघं मिळाले तर खर्च वाटला जातो आणि गाडी चालवणंही. पण भाडं म्हणून पैसे घेणं टाळावं. खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ खाली परवान्याचा प्रश्न येतो आणि अपघात झाला की विमा कंपनी तोच मुद्दा धरते. आठवड्याच्या पाळीनं गाड्या काढणं हा सरळ मार्ग. सोबतीची अट एकच ठेवावी: ठरल्या वेळेनंतर पाच मिनिटं थांबू, मग निघू. कुणाच्या तरी आंघोळीपायी चौघांचा पहिला तास जाणं बरोबर नाही.

परीक्षेच्या दिवसांत मात्र हा रस्ता करू नये. पेपरच्या आदल्या रात्रीपासून शेवटच्या पेपरापर्यंत पुण्यात कॉट बेसिसवर जागा घ्यावी. ती महिनाभर आधी ठरवावी, कारण ऐन वेळी सगळेच शोधत असतात. इंटर्नशिपचं उलट. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे लागतात आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, म्हणजे तिन्ही वर्षांत वाटून घ्यावी लागते. ती घराजवळच करावी. वाईला किंवा साताऱ्याला चांगल्या दिवाणी वकिलाकडे चार आठवडे बसलं की जमिनीचे दावे, सातबाराच्या नोंदी, मनाई हुकुमाचे अर्ज जवळून बघायला मिळतात. पुढे वकिली जिथे करायची आहे तिथली माणसं ओळखीची होतात, आणि त्या महिन्यात गाडीला आणि कमरेला दोघांनाही सुट्टी मिळते. त्यासाठी वकिलांना फेब्रुवारीतच भेटावं. मेमध्ये दिवाणी न्यायालयांना सुट्टी लागते आणि बघण्यासारखं काम उरत नाही.